गांधीलमाशीचा हिशेब

उसाच्या पानावर खोडकिडीचा पतंग अंडी घालतो, तिथे ट्रायकोग्रामा नावाची जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची गांधीलमाशी येते आणि त्या अंड्यांत आपली अंडी घालते. तिची पिले किडीला आतच फस्त करतात. म्हणून आमचे ऊसकरी तिला मित्र म्हणतात. मला मात्र नवल वाटते ते तिच्या हिशेबाचे!

१९३७ साली केंब्रिजच्या जॉर्ज सॉल्ट यांनी दाखवून दिले, की एक माशी ज्या अंड्यावर चालून गेली, त्यावर तिचा वास राहतो. दुसरी येते, वास घेते नि परत फिरते. अंडे धुऊन ठेवले, की बिचारी फसते!

पण माश्या फार आणि अंडी थोडी झाली, की हा संयम सुटतो. रिकामे घर मिळणारच नसेल, तर भरल्या घरात शिरलेले काय वाईट? मग एका पानावर चार जेवणारे! काही पिले मरतात, उरलेली खुरटी, दुबळ्या पंखांची निपजतात. अशी माशी शेतात सोडून काय उपयोग? म्हणूनच, वाचकहो, ती पैदा करणाऱ्यांना आधी पंगतीचे गणित सांभाळावे लागते. ते चुकले, की उसाचा राखणदारच उपाशी!