होकार कुणाचा, कोणत्या वेळचा

१९५५ साली लायनेल रोगोसिन न्यूयॉर्कच्या बावरी रस्त्यावर चित्रपट करायला उतरला, तेव्हा त्याला चित्रपटाचा काहीच अनुभव नव्हता. वडील कापडाच्या धंद्यातले, घरची सुबत्ता. त्याला खरे तर दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषावर चित्रपट करायचा होता. त्याआधी हात बसावा म्हणून त्याने आपल्याच शहरातला हा दारुड्यांचा रस्ता निवडला. डोक्यावरून जाणारी रेल्वे, खाली गुत्ते, रात्रीपुरत्या मिळणाऱ्या स्वस्त खोल्या, मिशनमधले फुकटचे जेवण आणि फुटपाथवर आडवी झालेली माणसे. कॅमेरा बाहेर काढण्याआधी रोगोसिन कित्येक महिने त्या माणसांत वावरला, त्यांच्याबरोबर बसून प्याला. मग त्यांच्यातलीच दोन माणसे घेऊन त्याने ‘ऑन द बावरी’ केला. १९५६ साली या चित्रपटाला व्हेनिसच्या महोत्सवात माहितीपटाचे मोठे पारितोषिक मिळाले.

व्यसनी माणसाला पडद्यावर आणण्याचा गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास बघायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते. चित्रपट उत्तम आहे म्हणून तर खरेच, पण त्याहून अधिक त्यातल्या गॉर्मन हेंड्रिक्समुळे. हा म्हातारा त्या रस्त्यावरचा जुना जाणता. चित्रपटात तो नव्याने आलेल्या रे सॅलियरशी दोस्ती करतो आणि त्याचीच पेटी लांबवतो. चित्रीकरणाच्या काळात डॉक्टरांनी त्याला सांगून टाकले होते की, आता पुन्हा पिण्याचा सपाटा लावलास तर वाचणार नाहीस. चित्रपट पूर्ण होईपर्यंत पिणार नाही असा शब्द गॉर्मनने दिला, आणि पाळला. काम संपले, तो प्यायला बसला आणि गेला. चित्रपट लोकांसमोर आला तेव्हा तो नव्हता. सॅलियर देखणा होता. त्याला हॉलिवूडमधून विचारणा झाली. तो एक दिवस गाडीत चढून निघून गेला.

चित्रपटाने गॉर्मनला मारले असे मी म्हणणार नाही. दारूने मारले. उलट चित्रपटानेच त्याला काही आठवडे जगवले असेही म्हणता येईल. रोज सकाळी कुणीतरी आपली वाट पाहते आहे, आपल्यावाचून कुणाचे तरी काम अडते आहे, एवढ्यावर त्याने डॉक्टरांचे ऐकले. व्यसनमुक्तीच्या कामात असलेल्या कुणालाही यातले बळ कळेल. म्हणूनच पुढचा प्रश्न टाळता येत नाही. ज्या आधारावर तो माणूस उभा होता तो आधार चित्रीकरणाच्या शेवटच्या दिवशी निघून जाणार, हे दिग्दर्शकाला आधी दिसायला नको का? रोगोसिनला दोष देऊन उपयोग नाही, त्या काळी हे विचारायची रीतच नव्हती. पण त्याच्यानंतर आलेल्यांना गॉर्मनची गोष्ट उपलब्ध होती.

रीत बदलायला सुरुवात झाली ती वेगळ्या ठिकाणी. फ्रेडरिक वाइजमनने मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रिजवॉटर इथल्या मनोरुग्ण कैद्यांच्या संस्थेत ‘टिटिकट फॉलीज’ (१९६७) चित्रित केला. तिथल्या माणसांच्या खासगीपणाचा भंग झाला म्हणून न्यायालयाने तो रोखला, आणि सर्वांसाठी खुला व्हायला १९९१ उजाडले. संस्थेची अब्रू झाकायला रुग्णांचा खासगीपणा पुढे केला, असा आरोप तेव्हाही झाला आणि तो बिनबुडाचा नाही. तरी त्या खटल्यामुळे एक गोष्ट चर्चेत आली ती आलीच: ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या होकाराला किती किंमत द्यायची? १९७६ मध्ये कॅल्विन प्रायलक या अभ्यासकाने या विषयावर एक निबंध लिहिला, तो आजही माहितीपटाच्या वर्गात वाचला जातो. चित्रपट करणारा उठून निघून जातो, ज्याच्यावर चित्रपट झाला तो त्याच जागी राहतो, हे त्याचे म्हणणे.

दारूच्या बाबतीत हा होकार आणखी अवघड होतो, आणि त्याचे कारण शरीरात आहे. प्यायलेल्या माणसाचा होकार धरायचा नाही, इतके सगळ्यांना पटते. पण पुष्कळ प्यायलेला माणूस कधीकधी नीट वाक्ये बोलतो, प्रश्नांची उत्तरे देतो, कागदावर सही करतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला यातले काही आठवत नाही. त्या तासांची स्मृती मेंदूत तयारच झालेली नसते. मग सकाळी विचारावे? सकाळी तो विड्रॉलमध्ये असतो. हात थरथरतात, घाम फुटतो, डोक्यात एकच गोष्ट असते, आणि पहिला घोट मिळेपर्यंत तो कशालाही हो म्हणेल. यकृत निकामी होत आले असेल तर रक्तातली घाण मेंदूपर्यंत पोचते आणि माणूस न पिताही गोंधळलेला असतो. वर्षानुवर्षांच्या पिण्याने आणि उपासमारीने थायमिन संपले असेल तर काहींच्या स्मृतीला कायमची भोके पडतात, आणि ती भोके तो नकळत काल्पनिक आठवणींनी बुजवतो. अशा माणसाला खरोखर समजून हो म्हणता येईल अशी वेळ रोज येतेच असे नाही. ती शोधावी लागते, तिच्यासाठी थांबावे लागते, आणि चित्रीकरणाचे वेळापत्रक थांबायला तयार नसते.

हा पेच सर्वांत उघडपणे मांडणारा चित्रपट म्हणजे पॉल वॉटसनचा ‘रेन इन माय हार्ट’. बीबीसीने तो २००६ च्या नोव्हेंबरात दाखवला. इंग्लंड आणि वेल्समध्ये दारूच्या दुकानांच्या आणि पबच्या वेळा सैल करणारा कायदा लागू होऊन तेव्हा एक वर्ष होत आले होते. वॉटसनने केंटमधल्या गिलिंगहॅमच्या सरकारी रुग्णालयात चार रुग्णांचे चित्रण केले. त्यांपैकी दोघे चित्रपट पूर्ण होण्याआधी गेले. एक मध्यमवयीन पुरुष, एक विशीतली मुलगी. चौघांची नावे चित्रपटात आहेत. मी ती इथे लिहीत नाही.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांना सांगतो, यात नशेची गंमत कुठेही नाही. पिवळे पडलेले डोळे, पाणी भरून फुगलेले पोट, बादलीत होणाऱ्या उलट्या, आणि मधेच एखादा अगदी शहाणा, हळुवार माणूस. वॉटसन स्वतः कॅमेरा धरतो, त्याचा आवाज आपल्याला ऐकू येतो. रुग्णालयातून घरी गेलेल्या माणसाकडे तो जातो आणि तो माणूस त्याच्यासमोर पुन्हा ओततो. वॉटसन अडवत नाही. पाहताना संताप येतो. अरे, बाटली हिसकावून घे ना! पण ज्याचे शरीर दारूला इतके बांधले गेले आहे त्याची दारू घरच्या घरी एकदम तोडली तर फिट्स येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, माणूस दगावूही शकतो. आणि चित्रपटवाल्याने बाटली काढून घेतली म्हणून कुणाचे व्यसन सुटत नाही. हे मान्य करूनही माझा संताप पुरता गेलेला नाही, आणि तो जावा असे मला वाटतही नाही.

चित्रपटातली एक बाई नशेत असताना आपल्या लहानपणाविषयी असे काही सांगून बसते, जे तिने शुद्धीत सांगितले नसते. वॉटसन तिथे थबकतो. हे वापरायचा आपल्याला हक्क आहे का, असे तो पडद्यावरच विचारतो, आणि ती शुद्धीत असताना तिच्याकडे परत जाऊन पुन्हा परवानगी घेतो. सत्तर वर्षांच्या या प्रवासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा क्षण हाच. नशेतल्या बाईने दिलेली गोष्ट शुद्धीतल्या बाईला विचारल्याशिवाय घ्यायची नाही, इतका साधा नियम त्याने पाळला आणि प्रेक्षकांसमोर पाळला. त्याच्यावर टीकाही झाली. मरणाच्या वाटेवरच्या माणसांचा तमाशा केला, असे म्हणणारे होते. मी तो चित्रपट व्हायलाच हवा होता या बाजूचा आहे. मात्र एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. दिग्दर्शकाने पडद्यावर आपली शंका बोलून दाखवली म्हणून समोरच्या माणसाचे रक्षण होत नाही. शंकेने दिग्दर्शकाची प्रतिमा उजळते. त्या बाईचे रक्षण झाले ते परत जाऊन विचारण्याने. नंतरच्या अनेकांनी वॉटसनची शंका तेवढी उचलली आणि परत जाणे सोडून दिले.

वॉटसनही निर्दोष राहिला नाही. पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, अल्झायमर झालेल्या एका गृहस्थावरच्या त्याच्या चित्रपटाचा गाजावाजा असा झाला की, त्यात मृत्यूचा क्षण दिसतो. प्रत्यक्षात ते गृहस्थ काही दिवसांनी वारले होते. कोण काय म्हणाले यावर बराच वाद झाला.

त्याच दशकात दुसरीकडे काय चालले होते तेही नोंदवायला हवे, कारण माहितीपटाच्या शेजारीच त्याचे हिडीस भावंड वाढत होते. २००२ मध्ये कॅलिफोर्नियात काही पोरांनी ‘बमफाइट्स’ नावाची व्हिडिओमालिका विकायला काढली. रस्त्यावर राहणाऱ्या व्यसनी माणसांना दारूची आणि चार पैशांची लालूच दाखवायची, त्यांना एकमेकांशी मारामारी करायला, डोके आपटायला लावायचे आणि ते विकायचे. रूफस हॅना हा त्यातला एक, माजी सैनिक. त्याच्या मित्राच्या कपाळावर मालिकेचे नाव गोंदवले गेले. पुढे हे व्हिडिओ करणाऱ्यांवर खटले झाले, भरपाई द्यावी लागली. हॅनाने दारू सोडली, नोकरीला लागला, २०१० मध्ये आपली कहाणी पुस्तकात सांगितली आणि बेघरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध बोलत राहिला. त्या व्हिडिओंतली माणसेही ‘हो’ म्हणाली होती, हे विसरू नये.

आणि २००५ पासून अमेरिकेत ‘इंटरव्हेन्शन’ ही मालिका. व्यसनावरच्या माहितीपटात भाग घेता आहात, एवढेच व्यसनी व्यक्तीला ठाऊक. शेवटी एका खोलीत घरचे लोक बसलेले असतात आणि उपचाराला जा असा आग्रह होतो. उपचार फुकट मिळतात. अनेकांचे भले झाले असेल, मी नाकारत नाही. पण एका भागात प्यायलेली बाई गाडी चालवायला बसते आणि चित्रीकरण चालू राहते, तेव्हा रस्त्यावरून चालणाऱ्या कुणाच्या जिवाची परवानगी कुणी घेतली होती?

रायन लार्किनची गोष्ट शांतपणे बघण्यासारखी आहे. कॅनडातला गुणी अॅनिमेटर, ऑस्करचे नामांकन मिळालेला, नंतर व्यसनांत सगळे हरवून माँट्रियलच्या रस्त्यावर हात पसरणारा. ख्रिस लँड्रेथने त्याच्यावर ‘रायन’ (२००४) हा अॅनिमेशनपट केला आणि त्याला ऑस्कर मिळाले. त्यात लँड्रेथ लार्किनला त्याच्या पिण्याविषयी छेडतो, आणि लार्किन भडकतो. लँड्रेथची आई दारूपायी गेली होती. ती जखम त्या आग्रहात आहे. चित्रपटात लार्किनचे शरीर अर्धे गळून पडलेले, डोके पोकळ दाखवले आहे. पुढे त्याला तो चित्रपट दाखवला तेव्हाचे चित्रण ‘ऑल्टर इगोज’ या दुसऱ्या माहितीपटात आहे. स्वतःला तसे पाहून तो अस्वस्थ झाला. तोवर चित्रपट तयार झालेला होता. दाखवायचेच तर कापाकापी अजून शक्य असताना दाखवावे, हे मला या प्रसंगावरून पटले.

आपल्याकडे या प्रश्नाचे रूप वेगळे आहे. व्यसनी माणूस इथे बहुधा एकटा नसतो. त्याला आई, बायको, भाऊ घेऊन येतात. आणि पत्रकार आला तर बायकोच म्हणते, ‘काढा फोटो, कळू दे लोकांना माझे काय हाल झालेत ते.’ तिचा राग खरा, तिचे हाल खरे. तिने आपली कहाणी जरूर सांगावी, तिच्या चेहऱ्याने, तिच्या नावाने, तिला वाटेल तितकी. पण नवऱ्याच्या ओकारीचे, घाण झालेल्या कपड्यांचे चित्र देण्याचा हक्क तिचा नाही. चेहरा धूसर केला की भागले असे शहरात म्हणता येईल. खेड्यात माणूस चालण्यावरून, खाकरण्यावरून ओळखतात, आणि त्याच्या मुलीला शाळेत त्याच दिवशी ऐकावे लागते.

१९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले, त्याआधीपासून अनिल अवचट व्यसनावर लिहीत होते. त्यांच्या लिखाणात माणसे येतात, पण वाचक त्यांच्याकडे वरून बघत नाही, लेखकाच्या बाजूला बसून ऐकतो. दारू सुटल्यावर त्या दिवसाचा वाढदिवस साजरा करायची रीत आपल्या व्यसनमुक्तीच्या कामात रुजली आहे, आणि तिथे माणसे स्वतःहून माइक हातात घेतात. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसने १९५० मध्येच आपल्या परंपरांत लिहून ठेवले की वृत्तपत्रे, रेडिओ, चित्रपट यांत सदस्याने निनावी राहावे. दोन्ही रीतींत एक गोष्ट समान आहे: काय सांगायचे आणि कुठे थांबायचे ते बोलणारा ठरवतो, आणि तो शुद्धीत असतो.

कायदाही आता बराच स्पष्ट आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारूच्या व्यसनाशी जोडलेल्या मानसिक अवस्था आजारातच धरल्या आहेत, आणि उपचार घेणाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही, असे कलम २४ सांगते. पण हे संरक्षण केंद्रात दाखल झालेल्याला. एकतीस डिसेंबरच्या रात्री नाकाबंदीवर तोंडात नळी धरून झोकांड्या खाणाऱ्याच्या पुढ्यात वाहिन्यांचे माइक येतात, गटाराकाठी पडलेल्याचा व्हिडिओ कुणीतरी मोबाइलवर काढतो, वर गाणे चढवतो आणि सकाळपर्यंत तो गावच्या ग्रुपवर फिरतो. तोच माणूस आठवड्याने केंद्रात भरती झाला तर त्याचा साधा फोटो द्यायलाही त्याला विचारावे लागेल. फिरून गेलेला व्हिडिओ मात्र कुणी परत घेत नाही.