वाचायला कान लागतात!

तळहात तोंडासमोर धरा आणि म्हणा, 'कार'. आता म्हणा, 'खार'. दुसऱ्या वेळी हाताला फुंकर लागली ना? बस, फरक तेवढाच! त्या एका फुंकरीनं रस्त्यावरची कार शेपूट झुपकेदार करून झाडावर चढली.

बोलताना आपण असे आवाज एकाला एक चिकटवून भराभर सोडत असतो. गप्पा मारताना ते कुणी सुटे करत बसत नाही. वाचायला शिकताना मात्र करावे लागतात. शब्दातला एकेक आवाज वेगळा ओळखायचा आणि त्याची त्याच्या अक्षराशी जोडी लावायची, हे काम मेंदूचं. बघा हं, डोळे मिटा आणि 'कपाट'मधला 'क' काढून टाका. काय उरलं? 'पाट'! कागद नाही, पेन्सिल नाही, सगळं नुसत्या आवाजावर भागलं.

काही मुलांना नेमकं हेच जड जातं. त्याला डिसलेक्सिया म्हणतात. ही मुलं आळशी नसतात आणि 'ढ' तर मुळीच नसतात. 1896 साली इंग्लंडमधल्या प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी अशाच एका मुलाबद्दल लिहिलं. नाव पर्सी, वय 14. खेळात चपळ, गणिताची आवड असलेला. आकडे घडाघडा वाचायचा, पण साध्या शब्दांपाशी अडायचा. एकदा तर त्यानं स्वतःचं नावच 'प्रेसी' असं लिहिलं आणि सांगूनही चूक चटकन त्याच्या लक्षात येईना! त्याचे मास्तर म्हणायचे, सगळं तोंडी शिकवलं तर हा शाळेत सगळ्यांत हुशार ठरेल.

पर्सीची नजर चांगली होती. म्हणून डॉक्टरांना वाटलं, पाहिलेले शब्द त्याच्या मेंदूत टिकत नसावेत. पुढे संशोधकांना कळलं, की बहुतेक वेळा घोडं शब्दांतल्या आवाजांपाशी अडतं. कान ठणठणीत असतात, पण ऐकलेल्या शब्दाची फोड करताना मेंदूची ओढाताण होते.

कधी कधी मात्र कानच कुरकुरतात. सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साचून राहिलं, की बारीक आवाज निसटतात. मग कान तपासून घ्यायचे.

आणि वाचनासाठी काय करायचं? सगळा भार एकट्या डोळ्यांवर टाकायचा नाही! अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांच्या कामातून शिकवण्याची एक रीत तयार झाली. अक्षर बघायचं, त्याचा आवाज मोठ्यानं म्हणायचा आणि त्याच वेळी ते बोटानं गिरवायचं, अगदी वाळूतसुद्धा. आपल्याकडे जुन्या पिढ्यांनी धुळाक्षरं अशीच तर गिरवली!

धाकटं भावंड अक्षरं शिकत असेल, तर ताटात रवा पसरून त्यालाही गिरवू द्या. आणि तुमच्यासाठी कोडं: 'बगळा'मधला 'ब' उडून गेला, तर मागे काय उरलं? लिहायचं नाही हं, कानानंच शोधा!