वसतिगृहातले राज्यशास्त्र

राज्य कशासाठी जन्माला आले, या प्रश्नाला हॉब्स म्हणतो, जीव वाचवण्यासाठी. लॉक मालमत्तेचीही भर घालतो. मी १९८४ साली उस्मानिया विद्यापीठात राज्यशास्त्राच्या एम.ए.ला दाखल झालो, तेव्हा हे दोघे सकाळी आर्ट्स कॉलेजच्या त्या भव्य दगडी इमारतीत भेटत. संध्याकाळी वसतिगृहात मात्र तिसराच सिद्धान्त चाले: राजकारण जन्मते ते मेसमध्ये, आमटी पातळ झाली म्हणजे.

ही केवळ थट्टा नव्हे. अहमदाबादच्या लालभाई दलपतभाई इंजिनिअरिंग कॉलेजात डिसेंबर १९७३ मध्ये मेसचे बिल वाढले, मुले संपावर गेली, आणि ९ फेब्रुवारी १९७४ रोजी मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना राजीनामा द्यावा लागला. खुद्द उस्मानियात १९३८ साली ठिणगी पडली तीही वसतिगृहातच. तेथे प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास बंदी झाली, औरंगाबादच्या कॉलेजातही तेच घडले, आणि काढून टाकलेल्या मुलांना नागपूर विद्यापीठाने दारे उघडली. त्यांत पी. व्ही. नरसिंह राव होते, हे आता सर्वांना ठाऊक आहे. मराठवाड्यातील जी मुले त्यांच्याबरोबर गेली, त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे त्यांच्या घरच्यांनाच काय ती आठवत असतील. त्या पिढीने हे शास्त्र ‘सियासियात’ म्हणून उर्दूत शिकले होते. भाषा निजामाची, धडा मात्र निजामाला नको तो!

आमच्या वेळचे राजकारण इतके उदात्त नव्हते, हे कबूल केले पाहिजे. निवडणूक आली की उमेदवार खोलीखोलीतून फिरत. आम्ही मराठी मुले बोटांवर मोजण्याइतकी. तरी एक तेलुगू उमेदवार ‘कसं काय, बरं आहे ना?’ एवढे मराठी पाठ करून आमच्या खोलीत आला. त्याने दूध वाढवण्याचे आश्वासन दिले. लास्कीच्या ग्रंथात ‘संमती’ हा शब्द मी अनेकदा अधोरेखित केला होता. ती एकेका खाटेवर बसून, चहा पीत मागावी लागते, हे त्या रात्री कळले.

तो पडला. दुसऱ्या दिवशी ताट घेऊन तो निवडून आलेल्याच्या मागे रांगेत उभा होता. दोघे बोलले नाहीत, पण रांग मोडली नाही. लोकशाहीची इतकी सोपी व्याख्या मला कोणत्याच पुस्तकात सापडली नाही.

अर्थात दुसरी बाजूही आहे. जॉर्ज रेड्डी या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याचा एप्रिल १९७२ मध्ये याच आवारात खून झाला. मारामाऱ्यांना विटलेल्या पालकांना निवडणुका नकोशा झाल्या असतील, तर त्यांना दोष देववत नाही. आंध्र प्रदेशात १९८८ साली विद्यार्थीसंघांच्या निवडणुका बंद करण्यात आल्या. मौज अशी की, त्याच वर्षी संसदेने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणण्याची घटनादुरुस्ती मंजूर केली. देशाचे सरकार निवडण्यास योग्य ठरलेला मुलगा मेसचा चिटणीस निवडण्यास अयोग्य ठरला!

यामुळे आवार शांत झाले म्हणावे, तर तेही नाही. तेलंगणासाठी १९६९ मध्ये पेटलेले उस्मानिया २००९ मध्ये पुन्हा पेटले, आणि २ जून २०१४ रोजी ते राज्य झालेही. मोर्चा काढण्याची विद्या मुलांनी टिकवली. मतमोजणीत हरून मुकाट्याने ताट पुढे करण्याची विद्या कोठे शिकायची, एवढाच माझा प्रश्न आहे.

लिंगडोह समितीने २००६ मध्ये विद्यार्थी निवडणुकांसाठी नियम सुचवले आणि सर्वोच्च न्यायालयाने ते लागू केले. उमेदवाराचा खर्च ५,००० रुपयांपर्यंत. भित्तिपत्रके छापील नकोत, हाताने लिहिलेली चालतील. मला तर ही अट फार आवडली. आमच्या त्या उमेदवाराची पत्रके हातानेच लिहिलेली होती, आणि त्यांतल्या मराठी पत्रकातले ऱ्हस्व-दीर्घ आम्हीच सुधारून दिले होते. मत मात्र आमच्यातल्या दोघांनी त्याला दिले नव्हते.