बोटावरचा आकडा आणि रक्तातली आम्लता

कोविडच्या साथीत घरोघरी पोहोचलेल्या ऑक्सिमीटरने एक गैरसमज पक्का केला असून, भंडारा जिल्ह्यात तुमसरपासून लाखांदूरपर्यंत तो तितक्याच खात्रीने ऐकू येतो: यंत्रावर 98 दिसले म्हणजे श्वास ठीक, आणि आकडा घसरला तर ऑक्सिजन जितका जास्त तितका बरा. पहिली समजूत अपुरी आहे, तर दुसरी काही रुग्णांच्या जिवावर बेतते.

ऑक्सिजन आत घेणे आणि पेशींत तयार झालेला कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणे अशी श्वासाची दोन कामे असून ऑक्सिमीटर फक्त पहिल्याची खबर देतो. कार्बन डायऑक्साइड पाण्याशी संयोग पावून कार्बनिक आम्ल बनवतो. त्यामुळे तो साचला की रक्ताचा सामू, म्हणजेच पीएच, 7.35 ते 7.45 या अरुंद पट्ट्याखाली उतरतो, आणि या अवस्थेला श्वसनजन्य ॲसिडोसिस म्हणतात. याउलट भराभर श्वासाने तो प्रमाणाबाहेर निघून गेला तर सामू वर चढून श्वसनजन्य अल्कलोसिस होतो. सामू 7.4 वरून 7.1 वर येणे किरकोळ वाटते, परंतु तेवढ्यात रक्तातील हायड्रोजन आयन दुप्पट झालेले असतात.

रोवणीच्या हंगामात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावली तर दंश पुष्कळदा जाणवतही नाही; काही तासांत पापण्या मिटू लागतात, गिळता येईनासे होते आणि श्वासाचे स्नायू लुळे पडतात. अशा रुग्णाला मास्कने ऑक्सिजन दिल्यास आकडा बराच वेळ 98 राहू शकतो आणि त्याच वेळी कार्बन डायऑक्साइड साचून रुग्ण गुंगीत जातो. या रुग्णाला व्हेंटिलेटर हवा असतो. आकडा पाहून निर्धास्त राहणे अक्षम्य आहे.

दुसरी समजूत जिवावर बेतते तो गट सीओपीडीचा, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या विकाराचा; त्यात वर्षानुवर्षे बिडी ओढणारे पुरुष येतात, तशाच कधीही बिडी न ओढता चुलीच्या धुरात स्वयंपाक करणाऱ्या बायाही येतात. यांतील काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड सदैव वाढलेला असतो आणि मूत्रपिंडे बायकार्बोनेट राखून सामू सावरून धरतात. त्यांना भरमसाट ऑक्सिजन दिला की फुप्फुसाच्या हवा कमी पोहोचणाऱ्या भागांकडे रक्त वळते, हिमोग्लोबिन धरलेला कार्बन डायऑक्साइड सोडते आणि आम्लता वाढते. ज्यांना शंका असेल त्यांनी टास्मानियातील 405 रुग्णांवरील, 2010 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेली ऑस्टिन व सहकाऱ्यांची चाचणी पाहावी: रुग्णालयात नेताना ऑक्सिजन 88 ते 92 टक्क्यांच्या बेताने दिलेल्या गटातील मृत्यू सढळ ऑक्सिजन दिलेल्या गटाच्या निम्म्याहून कमी होते. ऑक्सिजन तोडायचा नसतो, मोजून द्यायचा असतो.

साचलेला कार्बन डायऑक्साइड ओळखण्यातला घोळ तज्ज्ञांनीही घातलेला आहे. 1952 च्या कोपनहेगनमधील पोलिओच्या साथीत रुग्णांच्या रक्तात एकूण कार्बन डायऑक्साइड वाढलेला पाहून तो अल्कलोसिस समजला गेला. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी तो अडलेल्या श्वासाचा ॲसिडोसिस असल्याचे दाखवले, आणि मग वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आळीपाळीने हाताने फुगा दाबून रुग्णांना श्वास दिला.

उरलेल्या समजुतींना एकेक ओळ पुरे. पोटातील ॲसिडिटीचा रक्ताच्या आम्लतेशी संबंध नाही. लिंबूपाण्याने किंवा ‘अल्कलाइन’ पाण्याने रक्ताचा सामू बदलत नाही. सोड्याने श्वसनजन्य ॲसिडोसिसची आम्लता उतरत नाही, कारण त्यातूनच आणखी कार्बन डायऑक्साइड तयार होतो. भराभर श्वास घेणाऱ्याच्या तोंडाला पिशवी लावू नये, कारण त्यामागे दमा किंवा हृदयविकार असू शकतो.

श्वास पुरेसा आहे का, याचे खरे उत्तर मनगटाच्या धमनीतून हेपारिन लावलेल्या सिरिंजने घेतलेले एक-दोन मिलिलिटर रक्तच देते. या एबीजी तपासणीत कार्बन डायऑक्साइडचा दाब पाऱ्याच्या 35 ते 45 मिलिमीटर असावा लागतो. दम लागलेला रुग्ण झोपाळू होऊ लागला तर यंत्रावर काहीही दिसत असो, नातेवाइकांनी डॉक्टरांना त्याच क्षणी सांगावे आणि एबीजी झाली का, हे विचारावे.