कुस्कोच्या भिंती

कुस्कोला मी विमानाने उतरलो आणि मुक्कामाचा पहिला जिना चढतानाच धाप लागली. समुद्रसपाटीपासून सुमारे ३४०० मीटर उंची! आमच्या गाईडने आधी कोकाच्या पानांचा चहा पाजला, मगच शहर दाखवायला नेले.

पेरू देशातले हे शहर म्हणजे इंका राज्याची जुनी राजधानी. १५३३ साली ते स्पॅनिश लोकांच्या हाती गेले. पुढची हकीकत भिंतींवरच वाचायची. हातुन रुमियोक या गल्लीत बारा कोनांचा एक दगड आहे. शेजारचे दगड त्याला असे चिकटून बसले आहेत की सांध्यात पोस्टकार्डही शिरू नये. चुना नाही. लोखंडही इंकांना ठाऊक नव्हते; कठीण गोट्यांनी ठोकून आणि घासून हे दगड घडवले. फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीत तो नीट दिसला मात्र नाही.

मी खरा रेंगाळलो तो कोरिकांचात. हे इंकांचे सूर्यमंदिर. भिंतींवरचे सोन्याचे पत्रे स्पॅनिशांनी उतरवून नेले आणि त्याच जोत्यावर सांतो दोमिंगोचे चर्च व मठ उभारला. १६५० च्या भूकंपात चर्च पडले, पुन्हा बांधले. २१ मे १९५० रोजी पुन्हा मोठी पडझड झाली. आतल्या इंका भिंती मात्र उभ्याच! ही भिंत तळाशी रुंद आणि वर निमुळती, किंचित आत कललेली असते. दारे-कोनाडेही वर अरुंद. हादरा बसला की दगड जरासे हलतात आणि परत आपल्या जागी बसतात. चुन्याने सांधलेली भिंत एकदा तडकली की तडकलीच.

१९५० नंतर प्रश्न आला : चर्च पुन्हा उभारायचे की मंदिर मोकळे करायचे? शेवटी दोन्ही थोडेथोडे झाले. चर्च दुरुस्त केले आणि मठातले काही बांधकाम काढून इंकांच्या खोल्या उघड्या केल्या.

आमच्या गाईडची मायबोली केचुआ, म्हणजे इंकांच्या राज्यकारभाराची भाषा. मी आगाऊपणे विचारले, "तुमच्या हाती असते तर तुम्ही काय केले असते?"

"मंदिराचे दगड आमच्या पूर्वजांनी घडवले," तो म्हणाला, "आणि चर्चसाठी राबले तेही आमचेच पूर्वज. माझ्या आजीचे लग्न याच चर्चमध्ये लागले. सांगा, काय पाडू?"

मला उत्तर सुचेना. तेवढ्यात मागची टोळी दाराशी आली आणि आम्हांला खोली रिकामी करावी लागली.