छायाचित्रें वांटणें आणि विकणें

उन्हाळ्याच्या दिवसांत रस्त्याच्या कडेला एखादा सद्गृहस्थ पाणपोई घालतो. वाटसरूनें यावें, पाणी प्यावें, क्षणभर सावलींत टेकावें आणि पुढें जावें, एवढीच त्याची इच्छा असते. आतां अशी कल्पना करा, कीं एके दिवशीं कोणी दुकानदार तेथें हंडे घेऊन आला, ते भरून घेऊन गेला, आणि पलीकडच्या चौकांत पेल्यामागें पैसे घेऊन तेंच पाणी विकूं लागला. पाणपोईवर ‘पाणी विकूं नये’ अशी पाटी नव्हती. मग दुकानदारानें अपराध केला काय? केला नसेल, तर त्या सद्गृहस्थाला वाईट कां वाटावें? श्रोतेहो, हाच प्रश्न २०१४ सालीं छायाचित्रांच्या बाबतींत उभा राहिला होता. त्याची हकीगत आज मी आपणांस सांगणार आहें.

फ्लिकर हें छायाचित्रांचें संकेतस्थळ स्ट्यूअर्ट बटरफील्ड आणि कॅटरिना फेक यांनीं २००४ सालीं कॅनडांतील व्हँकूव्हर शहरीं सुरू केलें. पुढल्याच वर्षीं याहू या अमेरिकन कंपनीनें तें विकत घेतलें, आणि २०१८ सालीं तें स्मगमग या कंपनीकडे गेलें. घरीं पाहुणा आला म्हणजे आपण छायाचित्रांचा आल्बम त्याच्या हातीं देतों. फ्लिकरनें तोच आल्बम साऱ्या जगाच्या हातीं देण्याची सोय करून दिली. चित्रास ‘नदी’, ‘घाट’, ‘पाऊस’ असे खुणेचे शब्द जोडले, म्हणजे तशा चित्राच्या शोधांत असलेल्या परक्या माणसालाहि तें सांपडतें. आवडलें तर तो खालीं चार शब्द लिहितो, आणि समान आवडीच्या माणसांचीं मंडळें जमत जातात.

परंतु चित्र पाहणें निराळें आणि तें उपयोगांत आणणें निराळें. छायाचित्र काढलें कीं त्याचा स्वामित्वहक्क सामान्यतः काढणाऱ्याकडे येतो. त्यासाठीं कोठें अर्ज करावा लागत नाहीं. म्हणून एखाद्या ग्रंथकाराला दुसऱ्याचें चित्र छापावयाचें असेल, तर त्यानें मालकाची परवानगी मागितली पाहिजे, आणि मालक तर समुद्रापलीकडे! ही अडचण दूर करण्यासाठीं क्रिएटिव्ह कॉमन्स या अमेरिकन संस्थेनें डिसेंबर २००२ मध्यें कांहीं तयार परवाने प्रसिद्ध केले, आणि फ्लिकरनें २००४ सालींच चित्राबरोबर असा परवाना जोडण्याची सोय सभासदांना दिली. या परवान्यांत मुख्यतः चार अटी येतात. पहिली, माझें नांव द्या. दुसरी, व्यापारासाठीं वापरूं नका. तिसरी, बदल करूं नका. चौथी, बदल केलात तर नवें चित्रहि याच अटींवर इतरांना द्या. मालकानें आपल्या इच्छेप्रमाणें यांची निवड करावयाची. येथें दोन गोष्टी ध्यानांत ठेवावयास हव्या. ज्यानें दुसरी अट घातली नाहीं, त्यानें व्यापारालाहि मोकळीक दिली असें होतें. आणि परवाना एकदां दिला म्हणजे, अटी पाळणाऱ्या माणसाकडून तो परत घेतां येत नाहीं.

विक्रीची सोय मागाहून आली. २००८ सालीं फ्लिकरनें गेटी इमेजेस या चित्रें पुरविणाऱ्या मोठ्या कंपनीशीं संधान बांधलें. गेटीचे संपादक फ्लिकरवरील चित्रें पाहून पसंत करीत आणि मालकाला विचारीत. त्याची संमति मिळाली, म्हणजे तें चित्र प्रकाशकांना व जाहिरातदारांना शुल्क घेऊन वापरावयास देत, आणि त्या रकमेचा कांहीं अंश मालकाच्या पदरीं पडे. हा अंश थोडा आहे अशी कुरकुर होई; पण ‘देतां काय?’ हा प्रश्न तरी प्रथम विचारला जाई. ही व्यवस्था मार्च २०१४ मध्यें संपली.

त्याच वर्षीं याहूनें ‘वॉल आर्ट’ नांवाची नवी सोय काढली. सभासदानें स्वतःचें चित्र निवडावें आणि कंपनीनें तें कॅनव्हासवर छापून भिंतीवर लावण्याजोगें करून द्यावें, असा तिचा आरंभींचा प्रकार होता. त्यांत कोणालाहि खटकण्यासारखें कांहीं नव्हतें. नोव्हेंबरमध्यें मात्र दुकान एकाएकीं विस्तारलें. व्यापाराला मज्जाव न करणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचीं सुमारें ५ कोटि चित्रें विक्रीस मांडण्यांत आलीं. कांहीं निवडक छायाचित्रकारांशीं निराळा करार होता व त्यांना विक्रीच्या ५१ टक्के रक्कम मिळावयाची होती. पण या ५ कोटि चित्रांच्या मालकांना एक पैहि मिळावयाची नव्हती.

कायद्याच्या दृष्टीनें याहूची बाजू भक्कम होती. परवाना मालकांनींच दिलेला होता. कांहीं छायाचित्रकारांनाहि यांत गैर वाटलें नाहीं. आपलें चित्र कोणाच्या तरी घरीं भिंतीवर लागतें आहे, यांतच त्यांना समाधान होतें. परंतु इतर अनेकांचें मन दुखावलें. व्यापाराला बंदी करणारी अट कित्येकजण विचारपूर्वकच गाळतात. कारण ती घातली, तर विकत मिळणारें पाठ्यपुस्तक काढणारा लहान प्रकाशकहि अडतो. शाळा, ग्रंथ, लहान नियतकालिकें यांच्यासाठीं मोकळें ठेवलेलें चित्र, ज्याच्या घरांत विश्वासानें ठेवलें त्याच घरमालकानें परस्पर विकावें, हें त्यांना सोसलें नाहीं. ओरड वाढली. अखेर डिसेंबर २०१४ मध्यें याहूनें तीं चित्रें विक्रींतून काढून घेतलीं, झालेल्या विक्रीचे पैसे परत केले आणि क्षमा मागितली.

याहूनें परवान्याचें अक्षर पाळलें होतें. परंतु परवाना देतेवेळीं देणाऱ्याच्या डोळ्यांपुढें कोणता उपयोग होता, याचा विचार तिनें केला नाहीं. नवी सोय निघते, तेव्हां जुन्या संमतीचा अर्थ नकळत बदलतो. पूर्वीं दिलेला होकार अशा कामाला लागू होतो, कीं जें त्या वेळीं कोणाच्या स्वप्नींहि नव्हतें. म्हणून नव्या सोयीबरोबर नव्यानें विचारणें हेंच उचित. पुढें फ्लिकरवर याचीं बरीं उदाहरणेंहि घडलीं. स्पेसएक्स या अग्निबाण बनविणाऱ्या कंपनीला आपलीं चित्रें सर्वथा हक्कमुक्त करावयाचीं होतीं. तेव्हां मार्च २०१५ मध्यें फ्लिकरनें तसा स्वतंत्र पर्यायच सर्वांना उपलब्ध करून दिला. नोव्हेंबर २०१८ मध्यें विनामूल्य सभासदांना १,००० चित्रांची मर्यादा घालण्याचें जाहीर झालें. त्या वेळीं खुल्या परवान्याचीं आधीं चढविलेलीं चित्रें नष्ट केलीं जाणार नाहींत, असें आश्वासन देण्यांत आलें. त्या चित्रांवर अगणित लेख आणि पाठ अवलंबून होते.

श्रोतेहो, आज आपल्यापैकीं बहुतेकांच्या खिशांतील मोबाइलमध्यें कॅमेरा आहे, आणि चित्र जगापुढें ठेवणें हें एका बोटाचें काम झालें आहे. तें बोट उचलण्यापूर्वीं स्वतःला तीन प्रश्न विचारावे. हें चित्र उद्यां कोणी विकलें, तर मला चालेल काय? माझें मन बदललें, तर दिलेलें परत घेतां येईल काय? आणि चित्रांत जें माणूस आहे, त्याला मीं विचारलें आहे काय? हा तिसरा प्रश्न विसरूं नये. २००७ सालीं ऑस्ट्रेलियांतील एका मोबाइल कंपनीनें फ्लिकरवरचें एका अमेरिकन मुलीचें चित्र जाहिरातींत वापरलें. छायाचित्रकारानें परवाना दिलेला होता. मुलीला मात्र कोणीं विचारलें नव्हतें, आणि प्रकरण अमेरिकेंतील न्यायालयापर्यंत गेलें.

याचा अर्थ चित्रें पेटींत कुलूप लावून ठेवावीं असा कोणीं करूं नये. खुलेपणानें दिलेल्या चित्रांनीं कितीतरी पुस्तकें आणि ज्ञानकोश सजले आहेत. पाणपोई अवश्य घालावी. फक्त रांजण भरण्यापूर्वीं पाटी लिहावी, आणि ती लिहितांना तहानेल्या वाटसरूबरोबरच हंडे घेऊन येणाऱ्या दुकानदाराचीहि आठवण ठेवावी.