ट्यूबच्या पाठीवरची बारीक अक्षरे

निकाहची तारीख ठरली की दागिने, कपडे आणि दावतीच्या यादीबरोबर घरात आणखी एक गोष्ट सुरू होते. मुलीच्या चेहऱ्यावर सगळ्यांची नजर जाते. कपाळावर चार पुटकुळ्या दिसल्या की खाला एक ट्यूब सुचवते, शेजारीण दुसरी, आणि मेडिकलवाला तिसरी काढून देतो. मुलगी तिन्ही लावते. मुलांचेही फार वेगळे नाही, ते गुपचूप लावतात एवढेच.

आमचे म्हणणे असे की झाकण उघडण्यापूर्वी ट्यूब उलटी करून मागची बारीक अक्षरे वाचावीत. समोर मोठ्या अक्षरांत असते ते कंपनीने ठेवलेले नाव. आत औषध कोणते आणि किती टक्के, हे मागे असते.

मुरूम होतो कसा हे कळले की ही नावे तितकी जड वाटत नाहीत. त्वचेच्या छिद्रांतून तेल बाहेर येत असते. छिद्राच्या तोंडाशी मृत पेशी साचल्या की वाट बंद होते, आत तेल तुंबते, त्यात जिवाणू वाढतात आणि मग लाली, सूज, पू. अ‍ॅडापालीन आणि ट्रेटिनॉइन ही जीवनसत्त्व अ च्या घराण्यातली औषधे छिद्राचे तोंड तुंबू देत नाहीत. बेन्झॉइल पेरॉक्साइड जिवाणू मारते आणि कितीही दिवस वापरले तरी जिवाणू त्याला सरावत नाहीत. क्लिंडामायसिनचे तसे नाही. ते अँटिबायोटिक आहे, एकटेच लावत राहिले तर जिवाणू निर्ढावतात, म्हणून त्याच्या जोडीला बेन्झॉइल पेरॉक्साइड हवेच. बारीक काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांना 2 टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिड पुष्कळदा पुरते. अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड सावकाश काम करते, पण मुरुमांबरोबर मागे राहिलेले काळे डागही फिके करते. टूथपेस्ट, लिंबू, खाण्याचा सोडा यांनी फक्त त्वचा भाजते.

टक्के जास्त म्हणजे गुण जास्त, ही समजूत सोडावी. बेन्झॉइल पेरॉक्साइड 2.5, 5 आणि 10 टक्क्यांत मिळते. 2.5 टक्केवाले जवळजवळ तेवढेच काम करते आणि जळजळ कमी करते. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेसाठी तर हे फार महत्त्वाचे. या त्वचेवर जिथे जळजळ होते तिथे काळा डाग उरतो. मुरूम आठवड्यात जातो, डाग महिनोन्‌महिने राहतो. म्हणून एका वेळी एकच नवे औषध सुरू करावे. अ‍ॅडापालीन रात्री, चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर, सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढे, आणि सुरुवातीला एक रात्र सोडून एक रात्र. फक्त फोडावर ठिपका लावून उपयोग नाही, कारण उद्याचा फोड आज दिसत नसतो. पहिले काही आठवडे त्वचा कोरडी पडते, थोडी सोलते, क्वचित मुरुमे वाढल्यासारखीही वाटतात. बहुतेक जण इथेच ट्यूब फेकून देतात. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. लग्न पंधरा दिवसांवर आले असताना सुरू करण्याचे हे काम नव्हे.

दिवसातून पाच वेळा वजू करणाऱ्यांना लावायचे कधी हा प्रश्न पडतोच. रात्रीचे औषध इशानंतर लावावे, म्हणजे फज्रपर्यंत त्वचेवर राहते. फज्रनंतर सनस्क्रीन लावावे आणि जुहरच्या वजूनंतर पुन्हा, कारण अ‍ॅडापालीन-ट्रेटिनॉइनमुळे त्वचेला ऊन बाधते. वजूच्या पाण्याने काही बिघडत नाही. बिघडते ते दर वेळी साबण लावण्याने आणि टॉवेलने खसाखसा पुसण्याने. साबण किंवा फेसवॉश दिवसातून दोनदा पुरे. आणखी एक, बेन्झॉइल पेरॉक्साइड कापडाचा रंग उडवते. ओढणी, उशीचा अभ्रा, सजद्यात कपाळ टेकते ती जानमाज, सगळ्यांवर पांढरे डाग पडतात. ते औषध नीट सुकू द्यावे, नाहीतर त्याचा फेसवॉशचा प्रकार घ्यावा.

लग्न झालेल्या मुलींना एक गोष्ट कुणी सांगत नाही. अ‍ॅडापालीन आणि ट्रेटिनॉइन गरोदरपणात लावू नयेत. दिवस राहावेत अशी इच्छा असेल तर आधीच थांबवावे. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या त्याहून धोक्याच्या आहेत, त्यांनी पोटातल्या बाळात गंभीर व्यंग येऊ शकते. गरोदर बाईसाठी डॉक्टर बहुधा अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड निवडतात.

आता ज्या ट्यूबची आम्हाला खरी भीती वाटते तिच्याविषयी. तीन-चार दिवसांत मुरुमे बसली, चेहरा उजळला, सगळ्या घराने वाहवा केली, तर संशय घ्यावा. मागे वाचावे. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव दिसले तर ते स्टेरॉइड आहे. शेवटी ‘सोन’, ‘सोल’ किंवा ‘लोन’ आले की विचारल्याशिवाय चेहऱ्याला लावू नये. 1975 साली क्लिगमन आणि विलिस या त्वचारोगतज्ज्ञांनी काळे डाग घालवण्यासाठी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड असे तिघांचे मिश्रण सुचवले होते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरायचे औषध. आपल्याकडे त्याच धर्तीच्या ट्यूब गोरेपणाची क्रीम म्हणून घरोघर पोहोचल्या आणि मुरुमांवरही चोळल्या गेल्या. स्टेरॉइड सूज दाबते, रक्तवाहिन्या आकसवते, म्हणून चेहरा लगेच उजळ दिसतो. काही महिन्यांत त्वचा पातळ होते, गालांवर लाल शिरा दिसू लागतात, लव वाढते, नवी मुरुमे येतात. लावणे थांबवले की आग होते, म्हणून बाई पुन्हा लावते. चक्र असे सुरू राहते. 2018 साली केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइड मलमांची विनाचिठ्ठी विक्री बंद केली. तरी चिठ्ठी न मागणारी दुकाने आहेतच.

ज्यांची अशी ट्यूब महिनोन्‌महिने चालू आहे त्यांनी ती मनाने एकदम बंद करून घरी आग सोसत बसू नये. त्वचारोगतज्ज्ञ ती टप्प्याटप्प्याने सोडवतात. मोठ्या सरकारी रुग्णालयांत त्वचारोगाची ओपीडी असते, तिथे खर्चही कमी येतो. खोल, दुखणाऱ्या गाठी असतील, खड्डे पडू लागले असतील किंवा मुलीची पाळी अनियमित असून हनुवटीवर केस येत असतील, तर कुठल्याच ट्यूबवर वेळ न घालवता तिथेच जावे. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्यासुद्धा, एका पिशवीत घालून न्याव्यात.